आईच्या टाचेवरचा काळा डाग वाढतोय, सेकंड ओपिनियन कुणाचं घ्यावं? (मिरज/सांगली)

हळदीचं_पोतं:
आई ६४ वर्षांची, मिरजेजवळ गावात असते. टाचेच्या कडेला काळा ठिपका खूप वर्षांपासून आहे, सगळे तीळच म्हणायचे. दिवाळीपासून तो पसरायला लागलाय, एका बाजूची कड शाई फुटल्यासारखी झालीय, मधे जरा उंच आलंय आणि चप्पल घासली की ओलसर होतं. दुखत अजिबात नाही. गावातले डॉक्टर म्हणतात भोवरी आहे, कॉटरीने जाळून टाकू, पाच मिनिटांचं काम. शेजारच्या काकू बिब्बा लाव म्हणून मागे लागल्यात. आईचं म्हणणं, दुखत नाही तर डॉक्टर कशाला. आता कुणाकडे नेऊ, स्किनवाले, सर्जन की थेट टाटा? आणि गावचे डॉक्टर बाबांच्या वेळेपासूनचे आहेत हो, त्यांना वाईट वाटायला नको. फोटो टाकत नाही, आईला चालणार नाही.

चहाबाज:
बिब्बा नको!! माझ्या मामाच्या पायाची कातडी सोलून निघाली होती त्याने, मग मुळात तिथे काय होतं तेच कुणाला कळेना.

मलमपट्टी:
स्किनमध्ये एमडी करतेय. इथे निदान सांगणार नाही, पण भोवरी सहसा पिवळट आणि कडक असते, दाबली की दुखते. काळी, न दुखणारी आणि पसरणारी भोवरी जरा विचित्रच वाटते. टाचेला मार बसून आत रक्त साकळलं तरी काळं दिसतं, पण ते कातडीबरोबर हळूहळू वर येऊन निघून जातं, महिनोन्महिने वाढत नाही. मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर, आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण झाला की बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली होतो, म्हणजे उन्हाचा संबंध असायलाच हवा असं नाही. आधी स्किनवाल्यांकडेच जा आणि डर्मोस्कोप (कातडी मोठी करून बघायचं भिंग) आहे का ते विचारून जा. तळव्यावर बारीक रेघा असतात ना, रंग खाचांमध्ये असेल तर बहुतेक साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर संशय, आणि हे नुसत्या डोळ्याला नीट दिसत नाही.

चहाबाज:
गायक बॉब मार्लीचं हेच ना? पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली, फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटलेलं. १९८१ मध्ये गेला, वय फक्त ३६.

हळदीचं_पोतं:
अहो मी आधीच घाबरलेय, त्यात हे कशाला 😐

जुना_स्लाइडवाला:
ताई, घाबरू नका, पण जाळू मात्र देऊ नका. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी झाली माझी, जाळलेला तुकडा आला की आम्ही काय बघणार, कप्पाळ? मेलानोमा असलाच तर तो किती खोल गेलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं, आजूबाजूची कातडी किती काढायची, कॅन्सर तिथे पोचलाय का म्हणून जांघेतली गाठ तपासायची का वगैरे. कॉटरी मारली की ते माप गेलं. म्हणून जे काही काढतील ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, गेलंच पाहिजे. सुई लागली की कॅन्सर पसरतो हे गावात ऐकाल, त्यात तथ्य नाही. आणि सेकंड ओपिनियन खरं लागतं ते इथे: रिपोर्ट काहीही येवो, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे पातळ काप) लॅबकडून मागून घ्या, दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्याच तुकड्यावर मत देऊ शकतो, आईला परत कापायची गरज सहसा पडत नाही. नुसता रिपोर्टचा कागद घेऊन चार डॉक्टर फिरणारे लोक खूप पाहिलेत, काही उपयोग नाही.

मलमपट्टी:
+१. परळला टाटाला आत्ताच धावू नका, तिथेही आधी बायोप्सीच विचारतील. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवता येईल. डाग छोटा असला तर शक्यतो अख्खाच काढतात, मोठा असला तर सगळ्यात जाड जागेचा तुकडा घेतात. आणि गावच्या डॉक्टरांकडूनच चिठ्ठी मागा ना, "तुम्हीच लिहून द्या, कुणाला दाखवू". मान पण राहतो, काम पण होतं.

हळदीचं_पोतं:
चिठ्ठीचं जमलं! उलट स्वतःच म्हणाले, एकदा दाखवलेलं बरं. मंगळवारी जातोय. आईला शुगर आहे आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, ती बंद ठेवू का?

मलमपट्टी:
मनाने काही बंद करू नका, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, ते ठरवतील. टाचेला टाके पडले तर भर देऊन चालता येणार नाही, शुगरमुळे भरायलाही वेळ लागेल, तेव्हा थोडे दिवस कुणीतरी घरी थांबा. दुसरा तळवा आणि पायाची नखं पण दाखवा. आणि तोवर पायाला मेंदी नको, रंगात काही दिसत नाही.

हळदीचं_पोतं:
बरं झालं सांगितलंत, पुढच्याच आठवड्यात मावशीकडे लग्न आहे, मेंदीचे कोन येऊन पडलेत घरात.