हरिहरेश्वर ते गुहागर किनाऱ्याने: अंतर एवढंसं, मग वेळ एवढा का?

गोदाकाठचा
मंडळी, डिसेंबरात नाशिकहून गाडी काढून आधी हरिहरेश्वर आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागर असा बेत आहे, सोबत बायको आणि सासूबाई. नकाशात बघितलं तर अंतर काहीच नाही, पण मॅप भलताच वेळ दाखवतोय आणि रस्ता मध्येच पाण्यात जाऊन गायब होतो. सासूबाईंचं माहेर दाभोळजवळ, त्या म्हणतात आमच्या लहानपणी समोरच्या गावापेक्षा मुंबई जवळची होती. आता हे कसं काय? आपल्याकडे निफाडहून सिन्नरला जायचं तर माणूस सरळ जातो की. जुन्या लोकांकडून काही ऐकलेलं असेल तर तेही सांगा, त्यांना गाडीत बोलतं करायचंय.

खाडीपल्याड
सासूबाई अगदी बरोबर बोलतायत. मी मूळचा तिकडचाच, आता सिडकोत. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना किनारा कापते, बाणकोटला सावित्री, आंजर्ल्याला जोग, दाभोळला वाशिष्ठी, पुढे जयगडला शास्त्री, आणि मधल्या भागात जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, नि चढउतार, मग सरळ रस्ता होणार कुठून. पलीकडे जायचं तर तरीच्या होडीत बसा नाहीतर पार चिपळूणपर्यंत आत जाऊन वळसा घाला. मुंबईची बोट मात्र बंदरात यायची. म्हणजे धक्क्याला नाही लागायची, लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथवर पडावातून, म्हणजे लहान होडीतून, जायचं. पडाव लाटेवर वरखाली होतोय, शिडीवरचा खलाशी हात पुढे करून उभा, आधी बोचकी वर मग पोरं मग म्हाताऱ्या. आमची आजी सांगायची की वर गेल्यावर पहिलं काम डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची आणि लिंबू हुंगत आडवं व्हायचं, कारण निम्म्या लोकांना बोट लागायची. पावसाळ्यात हे सगळं बंद. म्हणून मे संपायच्या आत चाकरमानी मुंबईला परत आणि घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची घाई, सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कोरडी लाकडं, जे काय ते आधीच भरून ठेवायचं. नंतर येणार ती फक्त मनीऑर्डर.

सातपूरकर
रामदास बोट बुडाली ती याच लाईनवरची का?

जुनी_पानं
नाही हो, रामदास रेवसला चालली होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटली आणि वादळात उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागकडच्या जुन्या घरांत अजून विषय निघतो.

बाकी दाभोळला जाताय तर नुसते जेट्टीवरून पुढे पळू नका. आज गाव शांत वाटतं पण बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात हे मोठं बंदर, अरबी घोडे इथे उतरायचे. निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या दशकात परतीला इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने शहर जाळलं, त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मेला होता, त्याचा सूड घ्यायला निघाला आणि वाटेत दाभोळ सापडलं बिचारं. बंदराजवळ घुमटाची जुनी मशीद आहे ती बघा. आणि दाभोळच्या अलीकडे बाणकोटचा किल्ला, १७५६ च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे राहिला आणि हा इंग्रजांना गेला. शेजारचं वेळास नाना फडणवीसांचं गाव, हल्ली लोक तिथे कासवांसाठी जातात, पण डिसेंबरात पिल्लं बघायला मिळायची आशा ठेवू नका.

पेठरोडवाली
इतिहास छान, पण रस्त्याचं कोणी सांगेना 😀 मॅपमध्ये रस्ता पाण्यात जातो तिथे फेरीबोट आहे, गाडीसकट चढायचं. बागमांडला ते वेसवी एक, दाभोळ ते धोपावे दुसरी. दाभोळची खाडी बघता बघता पार होते, तेच रस्त्याने गेलात तर खेड-चिपळूण करत शंभराच्या वर किलोमीटर. शेवटची फेरी किती वाजता ते तिथेच विचारून घ्या, अंधार करू नका. हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करायची, भरतीला पाणी थेट कातळावर येतं, सासूबाई सोबत आहेत म्हणून मुद्दाम सांगते. आणि नाशिकहून पहाटेच निघा, कसारा उतरून भिवंडी उजाडायच्या आत मागे टाकली तर दिवस हाताशी राहतो.

गोदाकाठचा
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. पडावाचं ऐकून हसत सुटल्या, म्हणे लिंबू कसलं, आम्ही आवळासुपारी तोंडात धरायचो. आता त्यांचं म्हणणं गुहागर राहू दे, दाभोळातच दोन दिवस राहू. तिथे घरगुती सोय होते का, की दापोलीला राहून ये-जा करावी?

खाडीपल्याड
दापोलीला राहा, सोय जास्त आहे आणि दाभोळ तिथून तासाभरावर. पण सासूबाईंना माहेरच्या वाडीत कोणी ओळखीचं निघालं तर तुमचं हॉटेलचं बुकिंग वाया गेलं समजा.