अनुभव धागा: दुसऱ्यासाठी गुडघे टेकलेत कधी?

जय ख्रिस्त मंडळी. पोराच्या नोकरीसाठी सगळेच प्रार्थना करतात. मध्यस्थीच्या प्रार्थनेचे, म्हणजे दुसऱ्यासाठी न कंटाळता वर्षानुवर्षं केलेल्या प्रार्थनेचे अनुभव इथं लिहा. बायबलमधल्या अब्राहामानं 'सदोम शहरात 50 नीतिमान सापडले तर ते वाचव' इथपासून 10 पर्यंत देवाशी घासाघीस केली, तरी सदोम वाचलं नाही. तेव्हा 'मागितलं तसं झालं नाही' हेही चालेल.
– धागाकर्ती, जालना

बीडकर: आमच्याकडं दसरा झाला की निम्मी मंडळी कोयता घेऊन ऊसतोडीला, साखर कारखान्यावर. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. आमच्या आत्याबाई शुक्रवारी उपास धरायच्या. त्यांची एक शंभर पानी वही होती. ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी कोणाची, मुकादम कोण, कारखाना कुठला, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती, बाई पोटुशी आहे का, सगळं त्यात. प्रार्थना मोघम नाहीच. "प्रभू, हिचे दिवस भरत आलेत, फडात बाळंत होऊ देऊ नको." एकदा तीच बाई फोनवर रडली. आत्याबाईंनी प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि लगेच मुकादमाला फोन लावून असं झाडलं की आठवड्याच्या आत ती गावात. लेक झाली, दोघी सुखरूप. आता याला प्रार्थना म्हणायचं की भांडण, तुम्हीच ठरवा. वही सध्या माझ्याकडं असते. उचलीचे आकडे तेवढे वाढलेत.

लातूरची सून: 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात शेजारच्या घरातली माणसं गेली. जे उरले त्यांच्यासाठी सासूबाई अजून एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. शेजारी हिंदू आहेत. चहाला आले की हक्कानं विचारतात, "धाकट्याचं नाव घेतलं का? त्याचं लग्न जमंना."

नांदेडची सिस्टर (दवाखान्यातली): प्रार्थना जरूर करा, पण 'विश्वास ठेव' म्हणून कुणाची इन्सुलिन बंद करायला लावू नका. आणि प्रार्थनेची विनंती ग्रुपवर टाकण्याआधी आजारी माणसाला विचारा. निम्म्या चुगल्या 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणूनच फिरतात!

परभणीकर: माझा अनुभव कडू आहे. भावाची दारू सुटावी म्हणून आईनं जन्मभर प्रार्थना केली. सुटली नाही, तो गेला. आईनं मात्र त्याला कधी घालूनपाडून बोललं नाही, की दार लावून घेतलं नाही. रात्री कितीही उशिरा येवो, ताट झाकलेलं असायचं. लोक म्हणतात, प्रार्थनेचं उत्तर मिळतंच. मी रविवारी चर्चला जातो, पण या वाक्याला माझ्या तोंडून आमेन निघत नाही.

धागाकर्ती: @परभणीकर दादा, नका म्हणू आमेन. आपला शिष्य पेत्र याचा विश्वास ढळू नये म्हणून खुद्द येशूनं देवाला विनंती केली होती (बायबल, लूक 22), तरी त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून तीनदा नाकारलंच. तुमची वहिनी, लेकरं सध्या कुठं असतात? शाळेचं, किराण्याचं काही अडलं असेल तर मला खासगीत कळवा. आमच्या भगिनी मंडळाची बैठक शुक्रवारी आहे.