प्रति: टेम्प्लेट वेगळ्या फाइलीत ठेवलं की लिंकर का अडतो?

सी++ मध्ये टेम्प्लेट क्लासची घोषणा हेडरमध्ये (इतर फाइलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलीत) आणि व्याख्या, म्हणजे फंक्शनांचा प्रत्यक्ष कोड, सीपीपी फाइलीत ठेवल्या, कंपाइल झालं, तरी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ‘अनडिफाइंड रेफरन्स’, म्हणजे वापरलेल्या नावाचा कोड सापडत नाही, असं म्हणतो, असा प्रश्न आहे. टेम्प्लेट हा तयार कोड नाही, साचा आहे; त्यात डेटाचा प्रकार भरला की कोड बनतो. कंपायलर प्रत्येक सीपीपी फाइल सुटी वाचतो. मुख्य फाइलीत ‘इंट’ (पूर्णांक) प्रकाराची मागणी दिसते पण साचा अर्धाच, म्हणजे फक्त घोषणा; व्याख्यांच्या सीपीपी फाइलीत साचा पूर्ण आहे, पण ‘इंट’ कुणी मागितलेलाच नाही. म्हणून तो कोड कुठेच जन्माला येत नाही.

व्याख्या सरळ हेडरमध्ये आणा. बहुतेक वेळा हेच योग्य. प्रकार मोजकेच असतील तर सीपीपीत, सगळ्या व्याख्यांच्या खाली, त्या प्रकारांचं एक्सप्लिसिट इन्स्टॅन्शिएशन लिहा, म्हणजे या प्रकारांसाठी कोड बनव असं कंपायलरला स्पष्ट सांगा. व्याख्यांच्या वर लिहिलंत तर उपयोग नाही, आणि यादीबाहेरचा प्रकार वापरला की तीच एरर परत.

हेडरमध्ये आणल्यावर लगेच ‘मल्टिपल डेफिनिशन’ (एकाच गोष्टीच्या अनेक व्याख्या सापडल्या) ही एरर आली, तर फंक्शन टेम्प्लेटचं फुल स्पेशलायझेशन, म्हणजे एका ठरावीक प्रकारासाठी वेगळी लिहिलेली आवृत्ती, आधी तपासा. लिहायला टेम्प्लेटसारखं दिसलं तरी ते साधं फंक्शनच असतं. त्याला ‘इनलाइन’ (तीच व्याख्या अनेक फाइलींत आली तरी चालू देणारा शब्द) स्वतः लावावं लागतं.