प्लॅनमध्ये बँकांना ५१ टक्के, पुरवठादारांना शून्य: हरकत टिकेल का?

पॅकिंगवाला, भोसरी
गिऱ्हाईक कंपनी सीआयआरपीत, म्हणजे दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) प्रक्रियेत आहे. आमचा माल कोरुगेटेड बॉक्स. येणं ४२ लाख, त्यातले ३३ लाख अॅडमिशनच्या, म्हणजे एनसीएलटीने (कंपनी न्यायाधिकरण) दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेण्याच्या, आधीचे. ९ लाखांचा माल आरपी (प्रक्रियेच्या काळात कंपनी चालवणारा व्यावसायिक) आल्यावर गेलाय. फॉर्म बी (पुरवठादारांचा दाव्याचा फॉर्म) मध्ये सगळे ४२ एकत्रच भरले. आता सीओसीने (कर्ज देणाऱ्या बँकांची समिती) कंपनी घेणाऱ्याचा ८० कोटींचा प्लॅन पास केलाय: प्रक्रियेच्या खर्चाला ३, कामगारांना पूर्ण ५, बँकांना १४० पैकी ७२. पुरवठादारांना काहीच नाही. लिक्विडेशन व्हॅल्यू (कंपनी मोडीत काढून विकली तर येणारी रक्कम) ६० कोटी असल्याचं कानावर आहे. आमचे ६०० परतीचे क्रेटही तिथेच पडून आहेत. समान वागणूक मागितली तर एनसीएलटी ऐकेल का?

कलम५३
त्या एका मुद्द्यावर नाही. एस्सार स्टीलच्या दिवाळखोरीच्या केसमध्ये एनसीएलएटीने (एनसीएलटीच्या वरचं अपील न्यायाधिकरण) सगळ्यांना सरसकट ६०.७ टक्के द्यायला सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टाने १५ नोव्हेंबर २०१९ ला ते रद्द केलं: समानता एकाच वर्गातल्या धनकोंमध्ये, आणि वाटप ठरवणार सीओसी.

तुमचा किमान हक्क आयबीसीच्या कलम ३०(२)(ब) मध्ये आहे. दोन आकडे काढायचे. लिक्विडेशन झालं असतं तर तुम्हाला काय मिळालं असतं, आणि प्लॅनची रक्कम कलम ५३ च्या क्रमाने (लिक्विडेशनमध्ये कोणाला आधी पैसे, तो क्रम) वाटली तर काय. जो मोठा तो किमान. तुमच्याकडे ८० मधून ३ गेले, उरले ७७. समोर कामगार आणि सुरक्षित (तारण असलेल्या) बँका मिळून १४५. पैसे तिथेच संपतात. तुमच्या आधी अजून इतर कर्मचारी, असुरक्षित वित्तीय धनको आणि सरकारी देणी उभी आहेत. दोन्ही हिशेबांत शून्य, म्हणजे प्लॅन कायदेशीर. न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न. माझ्या मते कायद्याने मर्यादाच फार खाली ठेवलीय.

जमाखर्च
त्या ९ लाखांकडे आधी बघा. अॅडमिशननंतर धंदा चालू ठेवायला गेलेला माल हा सीआयआरपी खर्च आहे. तो फॉर्म बी मध्ये जायलाच नको होता. तो सगळ्यात आधी आणि पूर्ण द्यावा लागतो. आरपीला आजच लेखी द्या: दावा ३३ लाखांवर आणा, ९ लाख खर्चात धरा. प्लॅनवर एनसीएलटीची सही होण्याआधी. एकदा मंजूर झाला की प्लॅनमध्ये नसलेला दावा बुडाला. आरपीने दाद दिली नाही तर त्याच बेंचपुढे अर्ज.

पॅकिंगवाला, भोसरी
पीओ (खरेदीची ऑर्डर) जुनाच होता. आरपीची सही कुठेच नाही.

जमाखर्च
इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख असेल, ई-वे बिल असेल आणि माल उत्पादनात वापरला गेला असेल तर बाजू पक्की. बिलाची नाही, माल पोहोचल्याची तारीख पुढे करा. अॅडमिशनच्या आदल्या दिवशी उतरलेला ट्रक जुन्या ३३ लाखांतच जातो. पुढचा माल मात्र आरपीच्या सहीच्या पीओवर आणि आगाऊ पैशांवरच.

क्रेट कंपनीच्या मालमत्तेत येत नाहीत. कलम १८ च्या स्पष्टीकरणात, कराराने ताब्यात असलेली दुसऱ्याची वस्तू वगळलीय. परतीची चलनं आणि क्रेटवरच्या खुणांचे फोटो जोडून मागा.

चेकबाउन्स
जुन्या बिलांचा चेक परत आला होता का? नोटिशीनंतरचे १५ दिवस अॅडमिशनच्या आधी संपले असतील, तर सही करणाऱ्या संचालकांवर कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस प्लॅननंतरही चालते. कंपनीवर मोरेटोरियममध्ये (प्रक्रिया चालू असतानाची कारवाईबंदी) चालत नाही. १५ दिवस अॅडमिशननंतर संपत असतील तर तो रस्ताही बंद, कारण तेव्हा खातं संचालकांच्या हातात नसतं.

३३ लाखांवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, बुडीत कर्जाला तशी सवलत नाही. आणि प्लॅन मंजूर झाल्यावर अपील करायचंच असेल तर एनसीएलएटीत ३० दिवस, फार तर वर १५.

कलम५३
अपिलाआधी नव्या मालकाशी बोला. त्याला पहिल्या महिन्यापासून बॉक्स लागणार. जुनं येणं प्लॅन मिटवतो, पण नवीन दर आणि उधारीची मुदत तुमच्या हातात असते.