मदत हवी आहे: पोरगं तुरुंगाच्या वाटेला लागायच्या आधी काम करायचंय. नागपुरात इंटर्नशिप कुठे, पुढे नोकरी कोणती?

मानेवाडा_रोड

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. धागा जरा लांब होईल, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मागच्या वर्षी फील्डवर्कला आठवड्यातले दोन दिवस एका संस्थेत होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. सहा महिन्यांतले पाच महिने मी जुनी रजिस्टरं नव्या रजिस्टरात उतरवली. मुलांशी बोलायला मिळालं नाही, सुपरव्हायझरला सांगितलं तर "सगळ्यांना असंच शिकावं लागतं" हे उत्तर. शेवटच्या महिन्यात मात्र एका परिविक्षा अधिकारी ताईंनी (गुन्ह्यात सापडलेल्या मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल देणं आणि नंतर देखरेख ठेवणं हे त्यांचं काम) मला गृहभेटीला सोबत नेलं. सोळा वर्षांचा मुलगा, मोबाईल चोरीचं प्रकरण. आई चार घरची धुणीभांडी करते. ताई तिच्यासोबत ओट्यावर बसल्या आणि चोरीबद्दल पहिला अर्धा तास एक शब्द काढला नाही. शाळा कधी सुटली, का सुटली, टीसी कुणाकडे आहे, रात्री जेवायला घरी कोण असतं, मामा कुठे राहतो, हेच विचारत होत्या. तिथून आम्ही थेट शाळेत गेलो. थकलेल्या फीमुळे टीसी अडकली होती, मुख्याध्यापक बोलायला तयार झाले. हे सगळं ताईंच्या सामाजिक तपासणी अहवालात आलं. मुलगा आईच्या ताब्यात, ताईंच्या देखरेखीखाली घरी गेला आणि शाळेतही बसला.

त्याच आठवड्यात तशाच प्रकरणातल्या दुसऱ्या एका मुलाचा अहवाल मी फाईलला लावला. चार ओळी होत्या. "घरची परिस्थिती हलाखीची. पालकांचे नियंत्रण नाही." तो मुलगा निरीक्षणगृहातच राहिला, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे. दोघांच्या घरात फार फरक नव्हता. अहवाल लिहिणाऱ्यात होता.

तेव्हापासून मला हेच काम करायचंय. बाहेरच्या देशांत याला डायव्हर्जन केसवर्क (पोराला कोर्ट-तुरुंगाऐवजी दुसऱ्या वाटेला लावण्याचं काम) म्हणतात आणि त्या नावाची पदं असतात असं वाचलं. आपल्याकडे या नावाची जाहिरात मी आजवर पाहिली नाही. म्हणून विचारते:

हे काम आपल्या कायद्यात नेमकं कुठे बसतं? उन्हाळ्यातल्या ब्लॉक फील्डवर्कसाठी (सलग पूर्णवेळ फील्डवर्कसाठी) नागपुरात कुणाकडे अर्ज करू, म्हणजे पुन्हा रजिस्टरं उतरवायला लागणार नाहीत? आणि एमएसडब्ल्यूनंतर एलएलबी करावं का? बाबांचं म्हणणं आहे की बँकेच्या परीक्षा दे. ते इतवारीत दुकानात हिशेब लिहितात, दोन वर्षांत निवृत्त होतील. त्यांची काळजी मला कळते, म्हणून पगाराबद्दलही कुणी खरं खरं सांगितलं तर बरं होईल.

काळा_कोट

ताई, मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

डायव्हर्जन या नावाचं वेगळं खातं आपल्याकडे नाही, पण तत्त्व कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मध्ये जी मूलतत्त्वं दिली आहेत, त्यात हे एक आहे: विधिसंघर्षग्रस्त बालकाचं (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाचं) प्रकरण शक्यतो न्यायालयीन कार्यवाहीत न अडकवता हाताळावं. त्याचा पहिला टप्पा पोलीस ठाण्यातच येतो. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर नसेल आणि प्रौढांसोबत मिळून केलेला नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचाच नाही. स्टेशन डायरीत नोंद आणि सोबत सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, एवढंच. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असलाच पाहिजे, त्याने हे करायचं असतं. विशेष बाल पोलीस पथकात दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक महिला. ती तुमच्यासारख्यांची जागा आहे.

पुढचा टप्पा बाल न्याय मंडळ. एक दंडाधिकारी, दोन समाजकार्य सदस्य. मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याकडून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवतं. कलम १८ खाली समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी पाठवणं हे सगळे पर्याय आहेत. विशेष गृहात पाठवणं हाही पर्याय आहे, पण तो एकमेव नाही. कोणता निवडायचा हे मंडळ तुमच्या त्या अहवालावरून ठरवतं. तुम्ही पाहिलेला फरक म्हणूनच पडतो. आणखी एक. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिने अधिक वाढीव दोन महिने एवढ्यात संपली नाही, तर कार्यवाही तिथेच संपते.

मोठ्यांसाठीही हे काम आहे, लोक ते विसरतात. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चं कलम ६ बघा: एकवीस वर्षांखालच्या दोषी ठरलेल्या माणसाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, न्यायाधीशाने कारणं लिहिल्याशिवाय कैदेत पाठवायचं नाही आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली आहे. पाच हजारांखालची पहिली चोरी, माल परत दिला असेल तर, त्यात बसते. अशा मुलाला कुठे, कुणाच्या देखरेखीखाली काम द्यायचं हे न्यायालयाला सांगणारा माणूस लागतो. व्यसनाच्या प्रकरणांत एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम ६४ अ आहे, स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला त्यात संरक्षण मिळतं. मी स्वतः दोनदा या कलमाचा अर्ज केला, दोन्ही वेळा व्यसनमुक्ती केंद्राची कागदपत्रं जमवायला मला माणूस मिळत नव्हता.

एलएलबीबद्दल सांगायचं तर लगेच नको. आधी दोन वर्षं फील्डला काढा. मात्र जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या विधी तथा परिविक्षा अधिकारी या पदाला कायद्याची पदवी मागतात, हे लक्षात असू द्या. तीन वर्षांचा एलएलबी नंतर करता येतो.

भंडाऱ्याची_पोर

पगाराचं मी सांगते, कारण मी त्याच व्यवस्थेत काम करते. जिल्ह्याचं नाव विचारू नकोस.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत संरक्षण अधिकारी आणि विधी तथा परिविक्षा अधिकारी यांचं मानधन महिन्याला २७,८०४ रुपये आहे, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता यांचं १८,५३६. पदं कंत्राटी. आमच्याकडे एकदा तीन महिन्यांचं मानधन एकदम आलं. ते तीन महिने मी बहिणीकडून उसने घेऊन काढले. बाबांना हा आकडा आधीच सांग, नंतर कळला तर त्यांना जास्त लागेल.

कायम नोकरी हवी असेल तर महिला व बाल विकास विभागाची सरळसेवा भरती. परिविक्षा अधिकारी हे त्यात गट क चं पद आहे, २०२४ ला जाहिरात निघाली होती. पण ती दरवर्षी निघत नाही. मी कंत्राटी काम करता करता तिचा अभ्यास करते. बँकेच्या परीक्षेचं गणित आणि तर्क तिथेही कामाला येतं, त्यामुळे बाबांचं ऐकलंस तरी वाया काही जात नाही.

इतकं असूनही मी सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात एक मुलगा आयटीआयचा दाखला दाखवायला ऑफिसात आला होता. माझ्याच हातची केस.

निवृत्त_परिविक्षक

पोरी, तुझा धागा दोनदा वाचला. मी ३१ वर्षं हेच काम केलं, त्यातली अकरा नागपुरात.

त्या चार ओळींच्या अहवालाबद्दल आधी लिहितो. "घरची परिस्थिती हलाखीची" हे वाक्य मंडळापुढे रोज येतं. ते खोटं नसतं, पण त्याने मंडळाच्या हाती काहीच लागत नाही. दंडाधिकाऱ्याला एकच गोष्ट हवी असते: आज मी याला घरी सोडला तर उद्या सकाळी हा कुठे असेल? त्याचं उत्तर दे. शाळेत? मग कोणत्या वर्गात, मुख्याध्यापक काय म्हणाले? गॅरेजात? मग मालक कोण, मुलाचं वय त्या कामाला बसतं का? आई कामावर जाते तेव्हा घरी कोण? अशी नावागावासकट सोय कागदावर आली की मंडळ ती मोडत नाही. मी सुरुवातीला गरिबीची वर्णनं लिहायचो. एका दंडाधिकारी बाईंनी अहवाल परत पाठवला आणि म्हणाल्या, "हे मला माहीत आहे, पुढचं सांगा." ते मला आयुष्यभर पुरलं.

गृहभेटीचं सांगतो. नागपूरचा मे महिना, दुपारी बारानंतर वस्तीत जाऊ नकोस. ऊन तर आहेच, पण त्या वेळी घरात फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतात. सकाळी सातला जा नाहीतर दिवेलागणीनंतर. पोलिसांच्या गाडीतून कधीच उतरायचं नाही, त्या घराला गल्लीत कायमचा डाग लागतो. शेजाऱ्यांना "याने काय केलं माहीत आहे का" असं विचारायचं नाही. मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ने बंदी आहे आणि ती बंदी तुझ्या फील्डवर्क डायरीलाही लागू समज. डायरीत नाव नको, वस्तीचं नाव नको, शाळेचं नाव नको. मी एका विद्यार्थिनीची डायरी कॉलेजच्या टेबलावर उघडी पडलेली पाहिली होती, त्यात मुलाचा पत्ता होता. ती मुलगी वाईट नव्हती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुला सांगून ठेवतो.

बापाला भेटल्याशिवाय अहवाल लिहू नकोस. सगळे आईला भेटून परततात. बाप दारू पितो, बोलत नाही, रात्रपाळीला असतो, काहीही असो. माझ्या निम्म्या केसेस बापाशी पानटपरीवर उभं राहून बोलल्यावर सुटल्या.

आता इंटर्नशिप. रजिस्टरांचा तुझा अनुभव मला नवा नाही. संस्थेत माणसं कमी असतात, विद्यार्थी फुकटात मिळतात. त्यावर उपाय असा, की अर्जातच काम ठरवून माग. "दोन महिन्यांत परिविक्षा अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली सहा गृहभेटी आणि सहा अहवालांचे कच्चे मसुदे" असं लिही. आकडा असला की नाही म्हणणाऱ्यालाही कारण द्यावं लागतं.

आणखी एक जागा बघ. सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्यांचे विधी स्वयंसेवक कारागृहातही जातात. वर्धा रोडच्या आपल्या मध्यवर्ती कारागृहात अठरा-एकोणीस वर्षांची कितीतरी पोरं फक्त जामीनदार नाही म्हणून बसलेली असतात. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी त्यातून मदत मिळते; २०२३ ला तिची मर्यादा ४०,००० रुपये होती. पण घरच्यांना शोधणं, कागद जमवणं, ते योजनेच्या समितीपुढे नेणं हे काम समाजकार्यकर्त्याचंच आहे. नागपूर आणि येरवड्याच्या कारागृहांत फेअर ट्रायल प्रोग्राममधून वकील आणि समाजकार्यकर्ते जोडीने हेच काम करत आले आहेत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, कैद्यांसोबत काम करणारा प्रयास प्रकल्प मुंबईत १९९० पासून आहे. दोन्हीकडच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. कारागृहात जायची परवानगी पुण्याच्या मुख्यालयातून येते आणि वेळ लागतो, त्यामुळे एप्रिलमध्ये अर्ज करून मे महिन्यात आत जाईन असं धरून चालू नकोस.

आणि मंडळावरच्या समाजकार्य सदस्याला बालकल्याणाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो, वय किमान पस्तीस. मला वाटतं तू तिथे बसावंस. आजपासून मोजायला लाग.

मानेवाडा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. भंडाऱ्याची ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री बाबांना वाचून दाखवला, आकड्यांसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन वर्षं कर. मी अजून दोन वर्षं दुकानात आहेच." आज सकाळी त्यांनीच विचारलं की परिविक्षा अधिकाऱ्याच्या भरतीचा अभ्यासक्रम कुठे मिळतो.

काका, डायरीचं वाचून मी लगेच माझी मागच्या वर्षीची डायरी काढली. दोन ठिकाणी शाळेचं नाव होतं. ती पानं नव्याने लिहिली आणि जुनी फाडून टाकली.

एक शंका राहिली. बाल न्याय मंडळाशी जोडून काम हवं असेल तर अर्ज कुणाच्या नावे करू? निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांच्या की अजून कुणाच्या? सोमवारी सुपरव्हायझर मॅडमची सही घ्यायची आहे.

निवृत्त_परिविक्षक

जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या नावे. एक प्रत मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांना, एक अधीक्षकांना. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोड. तिन्ही ठिकाणी आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत फिरू नको. सहा गृहभेटींचा आकडा पहिल्या परिच्छेदातच येऊ दे, खाली टाकलास तर कुणी वाचत नाही.