यंदा टेकडीवर नवीन झाड लावू नये, असं माझं मत आहे

पायवाट (कोथरूड):
सोसायटीच्या ग्रुपवर वृक्षारोपणाचा निरोप फिरतोय. रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर जमायचं, टी-शर्ट एक कंपनी देणार, नंतर चहा-पोहे. दरवर्षी मी जाते. यंदा नको म्हटलं आणि ग्रुपवर वाद पेटला, म्हणून सविस्तर इथे लिहिते.

मागच्या जुलैत आम्ही ६० रोपं लावली. मार्चमध्ये शेजारच्या काकू आणि मी पाण्याचे कॅन घेऊन वर गेलो, तेव्हा ११ जिवंत होती. एक वाळलेलं रोप धरलं तर अलगद हातात आलं. मुळं अजून नर्सरीच्या काळ्या पिशवीतच, गोल गोल गुंडाळलेली. लावताना पिशवीसुद्धा फाडली नव्हती. खड्डा वीतभर, खाली नुसता मुरूम. ते रोप मी घरी आणलं, अजून गॅलरीत ठेवलंय. टाकवत नाही.

दुसरं असं की टेकडी उजाड आहे हा आपला समजच चुकीचा आहे. पुण्याच्या टेकड्या मूळच्या गवताच्या आणि विरळ झाडांच्या. सालई, मोई, धावडा, पांगारा, मेडशिंगी ही इथली मंडळी. उन्हाळ्यात ती निष्पर्ण होतात, गवत पिवळं पडतं, आणि आपल्याला वाटतं इथे काहीच नाही. त्या गवतात चंडोल घरटं करतो. झटपट हिरवं व्हावं म्हणून पूर्वी मध्य अमेरिकेतली उंदीरमारी (ग्लिरिसिडिया हे झाड) भरमसाट लावली गेली. तिच्याखाली जाऊन बघा, गवत धरत नाही.

यंदा आहेत तीच रोपं जगवू. आणि त्या रविवारी सगळ्यांनी मिळून सोसायटीचा बंद पडलेला खतखड्डा सुरू करू.

कॅनवाला (पाषाण):
ताई, रोपांबद्दल सगळं मान्य, पण कार्यक्रमच नको हे अजिबात मान्य नाही. मी स्वतः असाच एका रविवारी, फुकटचा टी-शर्ट घालून, टेकडीवर पहिल्यांदा आलो. त्याआधी १४ वर्षं पुण्यात राहून टेकडी फक्त खालून पाहिली होती. आज जानेवारी ते मे दर शनिवारी पाच-पाच लिटरचे दोन कॅन वर नेतो. आमच्या गटातले निम्मे लोक अशाच एखाद्या रविवारचे.

बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यायचं घाटत होतं, तेव्हा २०२३ मध्ये भर एप्रिलच्या उन्हात लोक मोर्चाला उतरले. कोण होते ते? ज्यांचे पाय टेकडीला लागलेत ते. झाड मेलं तरी माणूस टेकडीला जोडला गेला, हे मला कमी वाटत नाही.

मुठाकाठ:
नदीकाठाचंही हेच. विठ्ठलवाडीजवळ आम्ही सकाळभर प्लास्टिक वेचतो. दोन आठवड्यांनी खडकवासल्यातून पाणी सोडलं की त्याच झाडांच्या त्याच मुळांत तशाच पिशव्या. तरी मी जाते. पण घरी आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या कचऱ्याच्या डब्याकडे बघते.

तिसरा मजला (बिबवेवाडी):
खतखड्ड्याचा अनुभव आम्ही घेतलाय. चार महिने चालला. वासाने पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना खिडकी उघडता येईना, अळ्या जिन्यापर्यंत आल्या. भांडणं झाली ती वेगळीच. कचरा हे महापालिकेचं काम आहे, त्यासाठी आपण कर भरतो. शनिवार-रविवारी सामान्य माणसाने फावडं का धरायचं?

पायवाट:
आजोबांचा त्रास खराच, त्यावर वाद नाही. पण वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. एक बादली ओला कचरा टाकला की त्यावर तेवढीच किंवा थोडी जास्तच वाळलेली पानं पसरा. खड्ड्यातला माल मुठीत दाबला की थेंब गळायला नको. गळला तर आणखी पानं. आठवड्यातून एकदा फावड्याने खालीवर. अळ्या कचराच खातात, पानांचा थर जाड केला की कमी होतात. माझ्या गॅलरीतल्या ड्रममध्ये दीड-दोन महिन्यांत खत होतं. चाळलं की पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

पानं फेब्रुवारी-मार्चमध्येच गोण्यांत भरून ठेवा. तेव्हा ती रस्त्याकडेला पेटवली जातात आणि जुलैत शोधून मिळत नाहीत. कराचं म्हणाल, तर गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांवर महापालिका मिळकत करात सवलत देते. आमच्या सोसायटीने ती मागितलीच नाही.

ओला-सुका (हडपसर):
"महापालिकेचं काम" वाचून राहवलं नाही. महापालिका आपला कचरा कुठे नेत होती? उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, माशांनी जेवण मुश्कील केलं, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. माझं माहेर तिकडचं आहे. शहरात पेठांमधून कचरा तुंबला की बातमी होते. आम्ही तो वास घेऊन शाळेत जायचो, त्याची बातमी नव्हती.

आणि आपल्या दारात कचरा घ्यायला "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून या बायकांच्या हक्कांसाठी उभी आहे. आमच्या ताईंनी एकदा हातातलं फडकं सोडून दाखवलं, तळव्यावर काचेची चीर. भाजीच्या देठांत फुटलेली बाटली होती. माझ्या मजल्यावरच्याच कुणाची तरी. तेव्हापासून काच वेगळ्या कागदात, वर "काच" लिहून देते. पॅड-डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका. एवढं केलं की हात घालायच्या आधी त्यांना कळतं.

तिसरा मजला (बिबवेवाडी):
काचेचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजपासून वेगळी देईन. खड्ड्याबद्दल मत तेच आहे. तुमच्याकडे सहा महिने बिनवासाचा चालला तर बघायला येईन.

कॅनवाला (पाषाण):
माझं म्हणणं असं. रविवार ठेवा. टी-शर्ट नको. टेकडीचा बराच भाग वन खात्याचा आहे, तेव्हा आधी त्यांना विचारायचं, गवताची जागा सोडायची, आणि २० च रोपं, इथलीच. रोपाला दोन घरं, आणि त्या घरांनी पुढच्या जूनपर्यंत पाणी घालायचं. ज्याला जमणार नाही त्याने त्या दिवशी खतखड्ड्यावर यावं.

पायवाट:
२० नाही दादा, १०. आमच्याकडे मार्चमध्ये वर चढणारी घरं मी मोजली आहेत, वीसच्या वर जात नाहीत. आणि पिशव्या मी स्वतः फाडणार, कात्री घेऊन येते.