मदत हवी आहे: नाशिकहून सिंगापूर, ओझर-दिल्लीमार्गे की मुंबईहून थेट?

ऑगस्टमध्ये आईला घेऊन ताईकडे सिंगापूरला जायचंय. मुंबईहून थेट विमान आहे, अंतर साधारण ३,९०० किमी, साडेपाच तास. (तिकिटावर रात्री निघून सकाळी पोचणं आठ तासांचं दिसतं, पण तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे.) अडचण विमानाची नाहीच, आधीच्या रस्त्याची आहे. आईचे गुडघे दुखतात, कसारा घाटात पाऊस, त्यात भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक. समृद्धीने घाट टळतो, पुढची कोंडी नाही.

दुसरा पर्याय ओझरहून (नाशिकचं विमानतळ) दिल्ली, तिथून सिंगापूर. उलट्या दिशेला जाऊन परत खाली यायचं, वेळही जास्त. पण आईला गाडीत तासन्‌तास बसावं लागणार नाही. व्हीलचेअर दोन्हीकडे सांगणार आहे. खालचं विमान कंपनीच्या हेल्पलाइनला दोनदा विचारलं, दोन वेगळी उत्तरं मिळाली.

ओझरहून असे कुणी गेलात का? एकाच पीएनआरवर तिकीट असेल तर ओझरला दिलेली बॅग थेट सिंगापूरला मिळते की दिल्लीत उतरवून पुन्हा द्यावी लागते? आणि व्हीलचेअर, इमिग्रेशन धरून दिल्लीत मध्ये किमान किती तास ठेवावेत?